लॅबमधला आठवा रिपोर्ट

भूतबित जे म्हणतात ते निम्म्या वेळा सैल पिन असते आणि उरलेल्या वेळा चुकीचं सेटिंग, हे मी कळंबमध्ये बारा वर्षं लोकांना ऐकवत आलोय. कुणी म्हणालं, "कॉम्प्युटरला बाधा झालीय," की मी आधी प्लग बघतो. देवाला हात जोडतो, पण तेवढंच. आज मलाच इथं लिहायची वेळ आलीय, तेव्हा हसायचं असेल तर हसून घ्या.

मागच्या वर्षीची गोष्ट, सोयाबीन काढणीचे दिवस. स्टँडमागच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमधून सकाळी अकराला जलीलभाईंचा (नाव बदललंय) फोन आला. "संजूभाई, काल ते अपग्रेड करून घेतलं अन् आता प्रिंटर दिसंना का काउंटरचा कॉम्प्युटर दिसंना. पेशंट बोंबलायलेत."

गेलो. दुखणं नेहमीचंच. मी प्रत्येक मशीनला एक ठरलेला आयपी, म्हणजे पत्ता, देऊन ठेवतो. अपग्रेडनं तो पुसला होता आणि मुख्य कॉम्प्युटर भलताच पत्ता घेऊन बसला होता... घर बदलून कुणालाच न सांगितल्यासारखा. मी जुना पत्ता टाकला, प्रिंटर नव्यानं जोडला आणि अडकलेले सात रिपोर्ट धडाधड बाहेर आले.

मग आठवा आला.

त्यावर माझ्या थोरल्या ताईचं नाव होतं. नवऱ्याच्या नावासकट, वय एकेचाळीस, राहणार वाशी (आमच्या शेजारचं, मुंबईचं नव्हे). प्लेटलेट अकरा हजार. मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही, पण दीड लाखाच्या खाली गेलं की लोक घाबरतात एवढं माहीत होतं. तारीख होती अजून न उजाडलेल्या परवाची. वेळ सकाळी दहा चाळीस.

"ताई आली होती का इथं?"

"न्हाय बा," जलीलभाई म्हणाले. त्यांनी नाव टाकून, मग कागदाखालचा नमुना क्रमांक टाकून शोधलं. नोंदच नाही. रक्त मोजायच्या मशीनमध्येही नाही. कॉम्प्युटरच्या यादीत सातच रिपोर्ट पाठवलेले, आणि प्रिंटरचा स्वतःचा आकडा मात्र आठ पानं दाखवत होता.

"अपग्रेडमध्ये घड्याळ पुढं-मागं झालं असेल. कुठली तरी जुनी नोंद मिसळली," मी म्हणालो. बाकीच्या सातांवर तारीख बरोबर होती, हे मला दिसत होतं. तरी म्हणालो. बारा वर्षांची सवय, दुसरं काय!

आमच्याकडं मयताचं कार्ड आलं की वाचून लगेच फाडतात, घरात ठेवत नाहीत. वडील उंबऱ्यातच फाडायचे. माझ्याही हातांनी तो कागद तसाच फाडला, चार तुकडे करून बादलीत टाकला.

बाहेर येऊन ताईला फोन लावला. चार दिवस तिला ताप होता, हे माहीत होतं.

"उतरला बघ आज पहाटं ताप," ती म्हणाली. "निस्तं पोट दुखायलंय. गोळ्यांनी आसंल."

"उद्या कळंबला ये की. रक्त तपासून घेऊ."

"उद्या कुठं रं? काढणीला बाया मिळाल्यात मुश्किलीनं. तुझे भाऊजी म्हणायलेत, उद्याच्याला रान मोकळं करू, मग जाऊ. परवा येते."

"बरं," मी म्हणालो. वर ओवा खा म्हणून सांगितलं. कागदाचं बोललो नाही. म्हटलं, उगाच कशाला घाबरवायचं... आणि खरं सांगू? हसेल म्हणून बोललो नाही. लहानपणी अंगात येणाऱ्या आमच्या मावशीची नक्कल मीच तिच्यापुढं करायचो.

डेंग्यूत ताप उतरल्यावरच खरा धोका असतो, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी भाऊजी तिला मोटारसायकलवर घेऊन आले. ती त्यांच्या पाठीवर डोकं टाकून बसली होती, उतरताना पाय टेकेनात. आम्ही दोघांनी धरून तिला आत नेलं, जलीलभाईंनी रक्त घेतलं. प्रिंटर वाजला. जलीलभाईंनी कागद उचलला आणि नुसता माझ्यापुढं धरला. अकरा हजार. दहा चाळीस. खालचा नमुना क्रमांकसुद्धा तोच.

"तोच हाय ना?" ते हळूच म्हणाले. "संजूभाई, म्या कुणाला बोलणार न्हाय. तुम्ही बी बोलू नका."

गाडी करून लातूरला निघालो. लातूर यायच्या आत ताई गेली. डोकं माझ्या मांडीवर होतं. शेवटचं बोलली ते पाणी मागताना.

मी नंतर तो कॉम्प्युटर दोनदा उघडून बघितला. लॉग, सेटिंग, प्रिंटरची मेमरी, सगळं. माझ्याहून हुशार माणसाला दाखवलं. तो म्हणाला, असं होऊच शकत नाही. मलाही तेच वाटतं. कागद कुठून आला, मला माहीत नाही.

पण मला झोप लागत नाही ती त्यामुळं नाही. दहाव्याला भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. मी शेजारी बसलो तसे म्हणाले, "म्याच आडवला तिला. एका दिवसाच्या सोयाबीनपायी. आदल्या दिवशी आणली आसती तर?" मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "नशिबात होतं, भाऊजी." तेव्हापासून ते शेतात पाऊल टाकत नाहीत. पोरं मामाकडं, म्हणजे माझ्याकडं आहेत.

भाऊजी हे वाचतात. म्हणून लिहिलं. भाऊजी, तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी "बरं" म्हणालो.