उजवा गुडघा

आमच्या कॉलेजात मुलींची फुटबॉल टीम निघाली, ती कुणाला फुटबॉलची आवड होती म्हणून नाही. कबड्डीला आणि खो-खोला जिल्ह्यातली झाडून सगळी कॉलेजं उतरायची. मुलींच्या फुटबॉलला मात्र जेमतेम चार-पाच. दोन सामने जिंकले की ढाल आपली, हे आमच्या क्रीडासंचालक सरांनी हेरलं होतं. आणि ढाल हवी होती ती रस्त्यापलीकडच्या कॉलेजला दाखवायला.

दोन्ही कॉलेजं कला शाखेची, दोन्ही लहान. दोन्हीकडचे वर्ग दरवर्षी थोडे आणखी रिकामे होत चाललेले. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की समोरासमोरच्या फाटकांवर फ्लेक्स लागायचे. त्यावर टीमचे फोटो, ढालींचे फोटो, हार घातलेले प्राचार्य. तिथं काय शिकवतात, हे कुठल्याच फ्लेक्सवर नसायचं. त्यांना आम्ही ‘पलीकडचे’ म्हणायचो. पलीकडची एखादी मुलगी चुकून आमच्या कँटीनला आली, तर तिच्या चहात मीठ पडायचं. आणि आमचे सर हसून म्हणायचे, "पोरींत जिद्द पायजे."

मी टीममध्ये आले ती उंचीमुळे. वडील सरकारी कचेरीत कारकून, आई बालवाडीत शिकवणारी. आमच्या घरी खेळ म्हणजे वाया गेलेला वेळ. प्रवेशाच्या रांगेत सरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "पळतीस का?"

"बस सुटली की पळते," मी म्हणाले.

"बास की मग."

मला त्यांनी डिफेन्सला टाकलं. म्हणजे समोरून येणाऱ्या मुलीला अडवायचं. चेंडू मला फारसा कळला नाही, पण अडवणं जमायला लागलं.

खरी खेळाडू होती ती. माझी मैत्रीण. सोलापूरबाहेरच्या कुंभारीहून दोन बस बदलून सकाळी सहाला मैदानावर हजर व्हायची. घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. वडील नव्हते. आई, म्हणजे तिची अम्मा, विड्या वळायची, आणि प्रॅक्टिसला यायच्या आधी आणि घरी गेल्यावर तीही वळायला बसायची. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. तिच्या बोटांना तंबाखूचा वास यायचा. तो जावा म्हणून ती डब्यात लिंबाची फोड आणायची आणि पहिल्या तासाआधी नळावर बोटं चोळत बसायची. तिला पोलीस व्हायचं होतं. त्यासाठी आठशे मीटर पळावं लागतं, हे ती इतक्या वेळा बोलायची की मला ते अंतर पाठ झालं होतं.

आमचं मैदान मुरमाचं. पडलं की सालटं निघायची. पहिल्याच वर्षी ती खड्ड्यात पाय अडकून पडली आणि तिचा उजवा गुडघा सुजला. सरांनी बर्फ लावायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळवलं. तेव्हापासून त्या गुडघ्याला क्रेप बँडेज लागायचं. ते मी बांधायचे. तिचं तिला घट्ट बसत नसे. ती पायरीवर बसायची, पाय माझ्या मांडीवर टाकायची आणि म्हणायची, "आवळ की गं अजून. तुझ्या हातात जोर हाय ना?"

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ती म्हणाली, "मी पलीकडं चाललेय."

आम्ही बसस्टॉपवर होतो. मला वाटलं, चेष्टा करतेय.

"फी माफ करतायत. बूट देतायत. आन् विद्यापीठाच्या निवडीला त्यांचे सर स्वतः नेणारायत," ती म्हणाली. "आपल्या सरांना उद्या मीच सांगते. तू काय बोलू नको, हं?"

मी हो म्हणाले. तिची बस गेली आणि मी परत कॉलेजात जाऊन सरांना सांगून टाकलं. का सांगितलं? राग आला होता, हे खरं. पण त्याहून खरं कारण असं, की सरांनी मला तोवर एकदाही जवळ बसवून घेतलं नव्हतं, आणि त्या संध्याकाळी बसवलं. चहा मागवला. दुसऱ्या दिवशी ती सांगायला गेली, तेव्हा सरांनी तिला बोलूच दिलं नाही. अख्ख्या टीमसमोर म्हणाले, "हिला ओळखता का कुणी?" मग स्वतःच "मी तर न्हाय ओळखत," म्हणाले आणि शिट्टी वाजवून प्रॅक्टिस सुरू केली. ती फाटकापर्यंत चालत गेली, तोवर एकीनंही मान वळवली नाही. मीही नाही.

क्रीडा विभागाच्या भिंतीवर टीमचा फोटो होता. गोलकीपरनं ब्लेडनं त्यातून तिचा चेहरा कापून काढला. भोकातून मागचा पिवळा रंग दिसायचा. मुली तिच्यावरून काहीबाही बोलत होत्या, पण टोचेल असं कुणाला काही सापडत नव्हतं. ते मी पुरवलं. म्हटलं, "बोटांचा वास घेतलाय का कधी तिच्या? घरी विड्या वळते."

आमच्या टीममधल्या तिघींच्या घरीही विड्या वळत असतील, किंवा माग असेल, किंवा दुसऱ्याकडची धुणीभांडी असतील. तरी सगळ्या हसल्या. त्या तिघीच जास्त हसल्या.

त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आलो ते अर्थातच आम्ही आणि पलीकडचे. मैदान आमचं होतं. दोन्ही कॉलेजांना त्या दिवशी सुट्टी दिली होती. ती नऊ नंबरचा निळा शर्ट घालून आली आणि आमच्या मुलांनी भिंतीवर बसून सुरू केलं, "ए विडी, पेटव काडी! ए विडी, पेटव काडी!" तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती गोष्ट बाहेर कशी गेली असेल, हे तिला विचार करून शोधायची गरज नव्हती. तिनं काही केलं नाही. खेळायला लागली. दहाव्या मिनिटाला मला डावीकडे झुलवून उजवीकडून गेली आणि गोल मारला. भिंतीवरची मुलं गप्प झाली.

हाफ टाइमला सर माझ्याजवळ आले. बाकीच्या संत्र्याच्या फोडी खात होत्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तिचा कुठला पाय गं दुखायचा?"

"उजवा," मी म्हणाले. "गुडघा."

"हां," ते म्हणाले. "आता तूच बघ काय करायचं ते."

एवढंच बोलणं झालं. मी पुष्कळदा त्यात आणखी काही शोधून पाहिलं आहे, पण तेवढंच होतं.

दुसऱ्या हाफमध्ये ती पुन्हा तशीच आली. डावीकडे झुकली. ती उजवीकडून जाणार, हे मला माहीत होतं. चेंडू तिच्यापुढे हातभर होता. मी चेंडूकडे गेलेच नाही. सगळं अंग टाकून बुटासकट तिच्या गुडघ्यावर गेले, बाजूनं, जिथं बँडेजची गाठ मारायचे तिथं. आवाज आला. काटकी मोडल्यासारखा नव्हे, तर ओला कपडा झटकल्यासारखा. मग ती ओरडली.

रेफरीनं मला पिवळं कार्ड दाखवलं. स्ट्रेचर नव्हतं. वर्गातला एक बाक आणला, तिला त्यावर निजवून कडुलिंबाच्या झाडाखाली नेऊन ठेवलं. त्यांचे सर धावत आले, गुडघा बघितला आणि म्हणाले, "थांब जरा. मॅच संपू दे, मग रिक्षा करू." मग बदली खेळाडूला आत पाठवून ते परत रेषेवर जाऊन उभे राहिले. अर्धा तास ती त्या बाकावर पडून होती. कुणीतरी दिलेली ओढणी तोंडात धरून. तिच्याशिवाय त्यांच्या टीममध्ये काही उरलं नव्हतं. आम्ही दोन गोल केले आणि जिंकलो. मुलांनी आम्हाला खांद्यावर घेतलं. खांद्यावरून मला झाड दिसत होतं. मी दुसरीकडे बघत राहिले.

दोन दिवसांनी सर म्हणाले, "सिव्हिलला जाऊन येऊ. पेपरात फोटो येतो." खिलाडूवृत्तीचा फोटो. फळांची पिशवी माझ्या हातात दिली. तिच्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर होतं. उशाशी अम्मा बसली होती. फोटोवाल्यानं मला तिच्या खांद्यावर हात ठेवायला सांगितला. तो मी ठेवला. अम्मा मला ओळखत नव्हती. तिनं तेलुगूत काहीतरी विचारलं. मैत्रिणीनं उत्तर दिलं आणि मग मलाही ऐकू जावं म्हणून मराठीत म्हणाली, "हिची काय चूक न्हाय, अम्मा. पाय घसरला हिचा."

अम्मानं माझ्या गालावरून हात फिरवला. मी फळं ठेवली आणि निघाले. रिक्षात सर म्हणाले, "बघ, सुटलीस की नाही?"

विद्यापीठाच्या संघात तिची जागा पक्की होती. ती रिकामी झाली आणि जिंकलेल्या टीममधून एक म्हणून मला घेतलं. आंतरविद्यापीठ स्पर्धेला परराज्यात गेलो. तिथं तीन सामने झाले, मी तिन्ही वेळा बाकावर बसले. एक मिनिटही मैदानात उतरले नाही. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना सारखंच मिळतं. त्याच्या जोरावर मला बी.पी.एड.ला प्रवेश मिळाला आणि पुढे करमाळ्याच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिकेची नोकरी.

तिचं काय झालं ते मला आमच्या गोलकीपरकडून कळलं. दोघी पोलीस भरतीला एकाच दिवशी एकाच मैदानावर होत्या. गोलकीपर निवडली गेली. तिनं फोनवर सांगितलं, "आठशेच्या दुसऱ्या फेरीत ती ट्रॅकवर बसलीच गं. गुडघा धरून. पोरी बाजूनं पळत गेल्या."

"तू थांबलीस?"

"थांबून काय करू? माझा टायमिंग गेला असता की." मग म्हणाली, "तू थांबली असतीस काय?"

सर निवृत्त झाले तेव्हा आम्हा सगळ्यांना सत्काराला बोलावलं. शाल, श्रीफळ, भाषणं. जेवणाच्या रांगेत मी त्यांच्या शेजारी आले आणि एकदम विचारून टाकलं. "सर, त्या फायनलला तुम्ही मला तिचा पाय विचारला होता."

"कुणाचा?"

मी तिचं नाव सांगितलं. त्यांनी डोळे बारीक केले, आठवल्यासारखं केलं. "ती पळून गेली होती ती? मी कशाला विचारू? मी तर तुम्हाला कायम सांगायचो, स्वच्छ खेळा म्हणून." मग माझ्या ताटात स्वतःच्या हातानं एक गुलाबजाम वाढला. "तुझ्याच अंगात जरा राकटपणा होता. चांगला डिफेन्डर त्याशिवाय होत न्हाय."

ते खोटं बोलत होते की खरंच विसरले होते, मला सांगता येणार नाही. दोन्हीत मला काही फरक पडत नव्हता. पण त्यानंतर मला राहवेना. पुढच्या रविवारी मी कुंभारीला गेले.

कामगारांच्या वसाहतीत सगळी घरं एकसारखी. विचारत विचारत पोचले. ती दारातच बसली होती, उजवा पाय लांब पसरून, मांडीवर सूप. कात्रीनं पानं कापत होती. मला बघून हात थांबला नाही.

"ये," म्हणाली. "बस तितं."

मी बसले. तिच्या धाकट्या बहिणीनं पाणी आणून दिलं आणि आत गेली. मी बसमध्ये पाठ करून आलेलं सगळं एका दमात सांगितलं. पाय घसरला नव्हता, मुद्दाम केलं, सरांना गुडघा मीच सांगितला, विड्यांचंही मीच सांगितलं.

ती ऐकत पानं कापत राहिली. मग म्हणाली, "मला म्हाईत होतं की. तू बॉलकडं बघितलीच न्हाईस."

"मग अम्माला तसं का सांगितलंस?"

"तुला वाचवायला न्हवं." तिनं आतल्या दाराकडे मान केली. "ही तवा शाळेत खेळायची. अम्माला कळालं असतं की पोरी एकमेकींचे पाय मोडतेत, तर हिचं बंद केलं असतं." तिनं कापलेलं पान सुपात टाकलं. "तसं बी बंदच झालं. माझ्या पायाच्या खर्चापायी हिला बी विड्या वळायला बसावं लागलं."

मी म्हणाले, "मला माफ कर."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "हलकं वाटायला आलीस होय?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"माफी घेऊन मी काय करू? विद्यापीठाचं सर्टिफिकेट हाय ना तुझ्याकडं? ती जागा माझी होती. जा आन् लिहून दे कुणाला द्यायचं त्याला, की ही जागा मी पाय मोडून घेतली. देतीस?"

नोकरी, घर, शाळा, सगळं डोळ्यांपुढून गेलं, आणि ते तिला दिसलं.

"बघ," ती म्हणाली. रागावली नव्हती. कंटाळली होती. आतल्या बाजूला वळून बहिणीला म्हणाली, "चहा टाक गं एक." मग मला, "चहा पी आन् जा. परत येऊ नको."

बहिणीनं चहा आणला. मी तो प्यायले, कारण नाही म्हणायचीही माझी हिंमत नव्हती. ती पानात तंबाखू भरत होती, वळत होती, दोरा गुंडाळत होती. मी "येते" म्हणाले. तिनं मान वर केली नाही.

मी अजून त्याच शाळेत आहे. लिहून कुणालाच काही दिलं नाही.