छावणीवरचा नाश्ता

माझ्या सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन अडलं होतं ते शुगरपायी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर पार पिकलेला. दारात उभ्या माणसाला ते आवाजावरून ओळखायचे. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, शुगर खाली आल्याशिवाय डोळ्याला हात लावायचा नाही. आणि कागदावर गोळ्यांच्या खाली लिहून दिलं, सकाळी नाश्त्याला ओट्स.

मी शाळेत शिक्षिका. छापलेल्या अक्षरावर माझा भारी विश्वास. अंबाजोगाईहूनच पाकीट आणलं आणि घरी येऊन त्याच्या पाठीवरचा मजकूर सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. तंतुमय पदार्थ भरपूर, सावकाश पचतं, शुगर एकदम चढत नाही, पोट भरलेलं राहतं, काळजालाही चांगलं.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ओट म्हंजी सोसायटीनं मागं चाऱ्यासाठी बी वाटलतं, त्येच का?"

"तेच मामा, पण हे माणसांचं."

"माणसांचं कवापासून झालं?"

अडाण्यापुढं काय डोकं फोडायचं, असं तेव्हा वाटलं होतं. खोटं कशाला सांगू?

ते वर्ष दुष्काळाचं. गावाला टँकर, आणि जनावरं गावाबाहेर दूध संस्थेनं चालवलेल्या चारा छावणीत. सासरे कधीकाळी त्या संस्थेचे चेअरमन होते, आता फक्त एका गाभण गाईचे मालक. रोज सकाळी गल्लीतल्या चौघांच्या सोबतीनं तीन किलोमीटर चालत छावणीवर जायचे, उन्हं चढायच्या आत तसेच चालत परत. छावणीत जनावरांना खायला ऊस आणि आमच्या घरात माणसाला ओट्स, असा तो सगळा न्याय होता.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "डब्यात दे बाई. तिकडं मोकळ्या हवंत खातो." मी आनंदानं डबा भरला. दुपारी शाळेतून येऊन बघते तर डबा असा लख्ख, की घासायची गरजच नव्हती. मी नवऱ्याला दाखवला. "बघा, चाटून पुसून खातात. उगीच म्हणत होतात, म्हाताऱ्या माणसाला हे जमणार नाही."

महिन्यानं शुगर उतरली. डॉक्टर खूश. म्हणाले, "अजून एक महिना हेच चालू ठेवा, मग ऑपरेशनची तारीख देतो." आता मला कोण धरणार! बचत गटाच्या बैठकीत मी ओट्सचे फायदे सांगितले, फळ्यावर लिहूनसुद्धा दाखवले. एक म्हातारी म्हणाली, "मग आपल्या ज्वारीच्या कण्यांनी काय घोडं मारलंय?" मी तिला म्हटलं, "आजी, हे शास्त्र आहे." बायका हसल्या, पण चौघींनी पाकीट मागवलं.

एका रविवारी सासरे गोळी घरीच विसरून गेले. मी स्कूटी काढली आणि छावणी गाठली. आमच्या दावणीपाशी ते उकिडवे बसले होते. डबा गाईच्या तोंडाखाली धरलेला आणि गाय डोळे मिटून चाटत होती. "खा माय, खा. लई मोलाचं हाय," असं तिला सांगत होते. शेजारी फडक्यावर कुणीतरी दिलेली ज्वारीची अर्धी भाकरी आणि ठेचा. तो त्यांचा नाश्ता. महिनाभराचा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार लोकांत ओरडले, "मामा, काय चाललंय हे?"

दचकून उठले. "उसानं तिचं तोंड सोललंय, बाई. गाभण हाय. तिला मऊ लागतंय."

"आणि तुमचे डोळे?"

ते धोतराला हात पुसत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी छावणी बंद केली, म्हणजे त्यांच्यापुरती. गाईकडं नवरा मोटरसायकलवर जाऊ लागला. सासरे ओसरीवर. मी समोर बसून एक वाटी संपवून घ्यायची, मगच शाळेत जायची. त्यांना ते गिळताना उमासे यायचे, पण एका शब्दानं कुरकुर केली नाही. दिवसभर ओसरीवर बसलेला माजी चेअरमन म्हटल्यावर येणारा-जाणारा टेकायचा, आणि आलेल्याबरोबर अर्धा कप गोड चहा घेतला नाही तर त्याचा अपमान. हे मला फार उशिरा कळलं. मी तर शाळेत मुलांना आहारातील घटक शिकवत होते.

महिन्यानं पुन्हा अंबाजोगाई. रिपोर्ट बघून डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. शुगर पहिल्यापेक्षाही वर. ऑपरेशन आणखी दोन महिने पुढं. "मागच्या वेळी इतकी छान उतरली होती. मधे बदललं काय?"

काय बदललं ते मला त्याच क्षणी लख्ख कळलं. रोजचं सहा किलोमीटर चालणं मी बंद केलं होतं. अर्धी भाकरी मी काढून घेतली होती. ओट्स तर पहिल्या महिन्यात त्यांच्या पोटात गेलेच नव्हते. सांगायला माझ्याकडं भरपूर वेळ होता, तेही कबूल करते. डॉक्टर उठून खिडकीपाशी गेले, रिपोर्ट उजेडात धरून पुन्हा वाचला, तरी मी गप्पच.

सासरे बोलले. "माजंच चुकलं, सायेब. चोरून गूळ खाल्ला मी. सूनबाई लई करती माजं, तिला ठावं न्हाई."

गूळ ते खातच नसत.

डॉक्टरांनी त्यांना शाळकरी पोरासारखं झापलं. या वयात चोरून खाता, डोळे पाहिजेत का गूळ पाहिजे, घरच्यांच्या कष्टाचं काही वाटतं का. सासऱ्यांनी मान खाली घालून हात जोडले. डॉक्टर खिडकीपाशी होते. हात जोडलेले रिकाम्या खुर्चीकडं.

मग डॉक्टर माझ्याकडं वळले. "मॅडम, तुमचं अगदी बरोबर चाललंय. ओट्स मात्र सोडू नका."

मी म्हणाले, "हो सर."