काड्यांचा घास

"हाताला सांगून बघते," असं म्हणून ताई दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायच्या आणि मग उजव्या हाताची बोटं सावकाश उघडायच्या. अंगठा आणि पहिली दोन बोटं सरळ व्हायची. शेवटची दोन मात्र अर्ध्यावर येऊन थांबायची. कामावर कधीतरी वाफेने भाजली होती, तेव्हापासून ती तशीच आखडलेली. त्या बोटांकडे ताई थोडा वेळ बघत राहायच्या, हट्टी पोराकडे बघावं तशा, आणि मग कामाला लागायच्या.

मी मीरा रोडला एका मेडिकलच्या दुकानाच्या वर शनिवार-रविवार जपानी शिकवते. वर्गात येणाऱ्या बहुतेक मुली विशीतल्या. जपानमधल्या वृद्धाश्रमांत म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायच्या नोकरीवर जायचं, म्हणून भाषा शिकणाऱ्या. त्यांच्यात एक दिवस चाळिशी ओलांडलेल्या ताई येऊन बसल्या. मूळच्या परभणीकडच्या, आता राहायला काशिमीऱ्याला, आणि भाईंदरच्या एका नर्सिंग होममध्ये आया.

"मॅडम, वय चालंल का?"

मी खरं ते सांगितलं. तशी अट नाही, पण तिकडचे लोक तरुण मुलींना आधी घेतात.

"बरं झालं, आधीच कळलं," त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता उठतील. त्यांनी पहिल्या बाकावर दप्तर ठेवलं.

एवढ्या लांब कशाला जायचंय, असं मी एकदा विचारलं. पगाराचं काहीतरी सांगतील असा माझा अंदाज होता. त्या म्हणाल्या, "इथं मला 'ए आया' म्हणून हाक मारतात. तिकडं ह्याच कामाला परीक्षा असती म्हणे. पास झालं की सर्टिफिकेट. मला परीक्षा असलेलं काम करायचंय."

दरवर्षी मी वर्गात एक दिवस चॉपस्टिकचा ठेवते. कागदी बशांमध्ये उकडलेले चणे, नूडल्स, भेंडीचे काप. मुली हसतात, फोटो काढतात, आणि वर्ग सुटेपर्यंत जमतंच सगळ्यांना. त्या दिवशी ताईंना एकही चणा उचलता आला नाही. खालची काडी त्या आखडलेल्या बोटांवरून सारखी घसरत होती. एक चणा उडून शेजारच्या मुलीच्या ओढणीत पडला, तेव्हा सगळ्यात मोठ्याने ताईच हसल्या. जाताना मात्र हळूच विचारलं, "मॅडम, ह्या काड्या घरी नेऊ?"

मग ताई जातील तिथे काड्यांनी खाऊ लागल्या. ड्यूटीवर पोहे, घरी भात. घोडबंदरला कुणाकडे तरी गेल्या, तर बसथांब्यावर डब्यातली उसळसुद्धा तशीच. आपल्याकडे कुणी काही वेगळं करत असलं की माणसं कशी थांबून बघतात, तुम्हाला माहीत आहे. तिथल्या वडेवाल्याला राहवलं नाही.

"दीदी, चम्मच दूँ क्या?"

"नको भैया. हात को सिखा रही हूँ."

सासूबाई घरी बघत होत्याच. "आता भाकर बी काड्यानंच मोडणार हायस का?" त्या म्हणायच्या. ताईंनी खरंच एकदा प्रयत्न केला. भाकरी मोडली नाही, काडी मोडली.

मी त्यांना समजावलं, की तिकडे आजारी माणसांना चमच्यानेही भरवतात, मुलाखतीत हे कुणी विचारणारसुद्धा नाही. आणि फारच वाटत असेल तर डाव्या हाताने करा, तो चांगला चालतो.

डाव्या हाताचं ऐकून ताई दचकल्याच. "डाव्या हातानं मी त्यांना धुणार, पुसणार. त्याच हातानं घास देऊ?"

आणि मग त्यांनी मला नर्सिंग होममधल्या एका म्हाताऱ्या गुजराती बाईंची गोष्ट सांगितली. बाई काही केल्या खात नव्हत्या. चमचा ओठाला लागला की तोंड फिरवायच्या. घरच्यांना वाटलं, आता संपलंच. एका दुपारी ताईंनी हात स्वच्छ धुतले, ठेपल्याचा तुकडा चहात बुडवला आणि हाताने तोंडाशी नेला. बाईंनी तोंड उघडलं.

"चमच्यानं दिलं की ते आजाऱ्याचं जेवण होतं, मॅडम. हातानं दिलं की घरचं. तिकडच्या माणसांनी जन्मभर ह्या काड्यांनीच खाल्लंय. त्यांना म्हातारपणी मी चमचा का दाखवू?"

त्यानंतर मी त्यांना नको म्हटलं नाही.

जमायला फार दिवस लागले. पावसाळा गेला, नवरात्र गेलं. एका रविवारी ताई वर्ग सुरू व्हायच्या आधीच येऊन बसल्या होत्या. समोर डबा, डब्यात मटार. खालच्या काडीला त्यांनी बँडेजची पट्टी गुंडाळली होती, त्यामुळे ती बोटांच्या बेचक्यात घट्ट बसली होती. त्यांनी एक मटार उचलला, डब्याच्या झाकणावर ठेवला. मग दुसरा.

"खालची काडी हलवायचीच नसती, तुम्हीच सांगितलं होतं. ही बोटं तशी बी हलत नाहीत," त्या म्हणाल्या. "मग त्यांना तेच काम दिलं."

मी आयुष्यभर शिकवत आले आहे. पण शिकणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका शांत आनंद मी फार थोड्या वेळा पाहिला.

स्वतः खाता आलं, तरी दुसऱ्याला भरवणं वेगळं. त्यासाठी ताईंनी सासूबाईंना पकडलं. मी त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा पाहिलं ते. सासूबाई खाटेवर टेकून बसलेल्या, ताई खाली स्टुलावर, म्हणजे घास वरून येऊ नये, समोरून यावा. काड्यांमध्ये भाजीची फोड. सासूबाईंनी माझ्याकडे बघत तक्रार केली, "बगा की, पाखराच्या पिलाला चारल्यावानी चारायली मला." आणि तोंड उघडलं. घास गिळून झाल्यावर सुनेच्या हाताकडे बघत म्हणाल्या, "काडी लागंना गेली आता दाताला."

पहिल्या मुलाखतीला तिकडून दोन माणसं आमच्या वर्गात आली. त्यांनी खुर्चीत एक बाहुला बसवला आणि मुलींना त्याला जेवण भरवून दाखवायला सांगितलं. मुलींनी चमचे घेतले. ताईंनी आपल्या काड्या काढल्या, स्टूल ओढून बाहुल्याच्या समोर बसल्या, आणि जपानीत त्याला विचारलं, "आजोबा, आधी काय देऊ?" त्या दोघांतली बाई पुढे झुकून बघू लागली.

मग तिने बोटांविषयी विचारलं. थंडीत त्रास होतो का? मी दुभाषी म्हणून तोंड उघडणार, तोवर ताईंनी स्वतःच उत्तर दिलं. "होतो. आखडतात."

चार मुलींची निवड झाली. ताईंची नाही.

त्यांनी चारही मुलींना जवळ घेतलं, स्वेटर कसले घ्यायचे यावर गप्पा मारल्या. नंतर जिन्यात मला एकट्या दिसल्या. कठड्याला धरून उभ्या होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "खोटं बोलून गेले असते, तर तिथं बोटांनी सांगितलंच असतं की." डोळे पुसले आणि खाली उतरल्या. पुढच्या शनिवारी पहिल्या बाकावर होत्या.

वर्षभराने जपानच्या उत्तरेकडच्या एका लहान गावातल्या वृद्धाश्रमाने माणसं मागितली. तिथे बर्फ पडतो, मोठं शहर लांब, म्हणून मुलींनी नाकं मुरडली. ताईंनी मोबाइलवर मुलाखत दिली, बोटांचं आधीच सांगून टाकलं. समोरचे गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे खोल्या गरम असतात, या.

ताईंचे पती टेम्पो चालवतात, त्यांचं काही ठरेना. सासूबाईंनीच निकाल लावला. "जाऊ द्या तिला. मला काय झालंय? माझा हात चालतोय."

ताई गेल्या. पहिल्या बाकावर आता दुसऱ्या मुली बसतात. त्या बसताना मला अजूनही क्षणभर चुकल्यासारखं होतं.

गेल्या आठवड्यात ताईंचा फोन आला. परीक्षेचा अभ्यास चालू आहे, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, इथं फोटो काढू देत नाहीत, म्हणून नुसतं सांगते." त्यांच्याकडे एक आजोबा आहेत. वाचा गेलेली, कुणालाच ओळखत नाहीत. रोज ताई त्यांना भरवतात. परवा जेवता जेवता आजोबांनी त्यांच्या हातातून काड्या काढून घेतल्या. ताईंना वाटलं, आता फेकणार. आजोबांनी सावकाश भोपळ्याची एक फोड उचलली आणि ताईंच्या तोंडासमोर धरली.

"मग?" मी विचारलं.

"ड्यूटीवर खायचं नसतं, मॅडम."

"मग काय केलंत?"

"मीठ कमी होतं," ताई म्हणाल्या. "पण मी अजून एक घास मागितला."