भोईरचे चार गिअरबॉक्स

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायची वेळ अनेकदा आली – आणि दर वेळी मी दुसरंच काहीतरी बोलत राहिलो. कंपनीतले जुने लोक संध्याकाळी शिवमंदिराच्या बाजूला भेटतात. तिथे भोईरचं नाव निघालं की मी घरी जायला उठतो.

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी टेस्टिंगचा प्रमुख होतो. आमच्याकडे ट्रकचे, टिपरचे गिअरबॉक्स बनत. गाडीत बसण्याआधी प्रत्येक गिअरबॉक्स टेस्ट बेडवर चढायचा. एका बाजूने मोटर फिरवायची, दुसऱ्या बाजूने ब्रेक धरायचा – भरलेला ट्रक घाट चढताना जेवढा जोर पडतो, तेवढा तिथेच द्यायचा. तो जोर किती, हे एक काटा दाखवी. दर सोमवारी सकाळी त्या काट्याचीच तपासणी. ब्रेकच्या दांड्याला ठरलेली वजनं टांगायची, काटा बरोबर आकड्यावर येतो का बघायचं, मग सगळी वजनं उतरवून शून्य लावायचं. हे काम मी दुसऱ्या कुणाला देत नसे. त्याचा मला अभिमान होता.

एका सोमवारी शेवटचं वजन उतरवण्याआधीच मी शून्य लावलं. कारण? काही नाही. कॅन्टीनमध्ये मिसळ होती आणि ती लवकर संपायची. वजन मागाहून काढलं तेव्हा काटा शून्याच्या खाली जायला हवा होता – पण तिथे खिळी होती, तो तिला टेकून शून्यावरच राहिला. म्हणजे आता काटा दाखवेल त्यापेक्षा खरा जोर जास्त. किती जास्त? गिअरचे दात तुटण्याइतका.

तीन दिवसांत चार गिअरबॉक्स फुटले. चारही नामदेव भोईरने जोडलेले – त्या आठवड्यात जोडणीला तो एकटाच होता. बदलापूरकडच्या गावातला माणूस, आमचा सगळ्यात चांगला फिटर. स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि आत काय दुखतंय ते सांगायचा. सगळे त्याला डॉक्टर म्हणत. चौथा फुटला तेव्हा कुणीतरी म्हणालं, डॉक्टरचे पेशंट दगावायला लागले. तो हसला नाही.

गुरुवारी सकाळी, कुणी यायच्या आत, मी वजनं टांगून पाहिली. कळलं. शून्य नीट लावलं, वजनं जागेवर ठेवली, हात पुसले.

तासाभराने भोईर आला. "साहेब, एकदा मशीन बघा ना. माजा हात असा नाय."

"मशीन बरोबर आहे, भोईर."

होतीच ना बरोबर? तासाभरापासून. – या वाक्याच्या आड मी किती वर्षं लपलो.

खरं बोललो असतो तर काय झालं असतं? एक मेमो. चार माणसं हसली असती. तेवढंसुद्धा मला नको होतं.

मॅनेजर त्याला काढणारच होता. मी म्हटलं, राहू द्या, पॅकिंगला टाका. त्याच दुपारी टाकलं. दुसऱ्या फिटरने जोडलेले गिअरबॉक्स एकामागून एक पास झाले – होणारच होते. सगळ्यांना पुरावा मिळाला. मी माझी चूक दुरुस्त केली आणि त्या दुरुस्तीनेच तो दोषी ठरला. निवृत्त होईपर्यंत तो लाकडी खोक्यांना पट्ट्या ठोकत होता.

गेल्या वर्षी मी त्याच्या घरी गेलो. सांगायचंच, असं ठरवून. त्याने खुर्ची पुसून दिली, सुनेला बाहेर बोलावलं. म्हणाला, "हे आमचे साहेब. यांच्यामुलं माजी नोकरी वाचली." सून पाया पडली. मी आशीर्वाद दिला – दिला मी तो.

चहा झाला. तो मला नाक्यापर्यंत सोडायला आला. 'भोईर, तू नीटच जोडले होतेस. चूक माझी होती, आणि मला ते माहीत होतं. माफ कर' – एवढंच म्हणायचं होतं. रिक्षा लवकर येईना. आम्ही दोघेच उभे होतो. मी त्याच्या गुडघ्यांची चौकशी केली.