बॅगा सांभाळणारा

ग्लेन वेव्हर्ली उपनगरातल्या आमच्या ग्रुपची स्नो ट्रिप दरवर्षी हा एकच मित्र आखतो. बर्फात गाडीच्या चाकांना लावायच्या चेन्स, स्कीज, सगळं खालच्या गावातून भाड्याने घ्यायला लावतो, कारण वर डोंगरावर दुप्पट पडतं. कुणी कॉफीकडे वळलं की थर्मास पुढे करतो. "चहा आहे ना, उगाच कशाला?" स्वतः स्की करत नाही. "गुडघे रे," म्हणतो आणि बॅगा सांभाळत बसतो.

यंदा हातमोजे विसरले म्हणून मी मधेच परतलो, तर बाकावर नुसत्या बॅगा. हा पलीकडे, शिकाऊ उतारावर, पायात स्कीज घालून, पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत! पडत होता आणि दरवेळी हसत उठत होता. मी गुपचूप मागे फिरलो.

निघताना त्याने हिशोब ग्रुपवर टाकला. त्याच्या नावापुढे 'स्की: शून्य'. त्याच्या जॅकेटच्या टोपीत साठलेला बर्फ मी हळूच झटकला.