तारखेच्या चिंबोऱ्या

रोह्याच्या एका इस्पितळात मी नर्स आहे, राहायला शेजारच्या वरशाला. अमेरिकेतल्या इस्पितळाने कायमची नोकरी देऊ केली, व्हिसाचे कागद पुढे सरकले आणि गाडी अडली ती पेणच्या कोर्टात. पोलिसांच्या दाखल्यासाठी चौकशी झाली, तेव्हा एका मारामारीच्या केसमध्ये असलेलं माझं नाव आडवं आलं. ती मिटल्याशिवाय मुलाखतीला जाऊ नका, असं वकीलबाईंनी बजावलं.

ती मारामारी आमच्या गावच्या खारबांधावर झाली होती. भरतीला बांधातल्या उघाडीचं, पाणी सोडायच्या झडपेचं, दार कोणी उघडं टाकलं, खाडीचं पाणी भातात कोणामुळे शिरलं, यावरून माझे वडील आणि माझे काका, सख्खे भाऊ, एकमेकांना भिडले. काकांचं डोकं फुटलं. मी रजेवर घरी होते, पट्टी मीच बांधली. तरी काकांच्या फिर्यादीत आमच्या घरातल्या सगळ्यांची नावं पडली. आमच्याकडे बांधाच्या कामाला अख्खं घर धरतात, तसंच भांडणालाही धरतात. ज्याची जखम धुतली त्याच्याच केसमध्ये मी आरोपी झाले. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

केस चालू असतानाच वडील गेले. गावातल्या घराला कुलूप लागलं. मग गावाशी नातं उरलं ते फक्त तारखेचं. रोह्याहून एसटीत बसायचं. वाटेत गडब गाव आलं की वाऱ्याला खारट वास यायचा आणि मला घरची इतकी आठवण यायची की खिडकीकडे तोंड करून बसावं लागायचं. ज्यांच्या खांद्यावर बसून मी बांध बघितला, ते काका कोर्टाच्या व्हरांड्यात आधीच येऊन बसलेले असत. बोलणं बंद होतं. पण जाता जाता माझ्या बाकावर एक पिशवी ठेवत. आत नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या. एकदा त्या इतक्या खडबडल्या की शिपायाने पिशवी आणि मला, दोघींना बाहेर काढलं. संध्याकाळी वरशाला मी त्यांचा रस्सा करायची आणि एकटीच जेवायची.

मुलाखत तोंडावर आली तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, "अहो, तुमचे काका केव्हाच तयार आहेत मिटवायला. पण दरवेळी पुढची तारीख तेच मागून घेतात."

माझं डोकं फिरलं. काका समोरच्या टपरीवर चहा पीत होते. तिथेच गाठलं. "काका, माझं सगळं अडकलंय. हा खेळ कशाला चालवलाय?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. "केस मिटली का तू येशील कशाला गो?"

मला रागही आला आणि रडूही.

त्याच दिवशी काकांनी जज्जसाहेबांपुढे उभं राहून सांगितलं, आपली तक्रार नाय. सही केली. केस मिटली.

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "निकालाची नक्कल मी पाठवून देईन. तुम्हाला हेलपाटा नको."

"राहू द्या," मी म्हटलं. "मीच येते न्यायला."

काका पायरीवर चपला घालत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कवा?"

"सोमवारी."

"सोमवारी अवस हाय," काका म्हणाले. "चिंबोऱ्या मांसानं भरलेल्या मिलतील."