पैलवानाची पाठ

आणीबाणी नुकतीच उठली होती. माझ्या बायकोला कॅन्सरसाठी विजेचे शेक चालू होते. कोल्हापुरातल्या त्या दवाखान्यामागे काही बायकांनी पेशंटांना आणि सोबतच्या माणसांना विसाव्यासाठी एक खोली उघडली होती. तिथे चहा मिळायचा, आणि एक पैलवान भेटायचा.

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कान मोडलेले, मान खांद्यात गेलेली, खिशात तेलाची बाटली. त्याच्याही बायकोला शेक चालू होते.

"पेशंटला डाक्टर हाय. तुमाला कोन हाय?" असं म्हणून तो दिसेल त्या सोबत्याला खाली बसवायचा आणि खांदे रगडायला लागायचा. नको म्हणायची सोय नव्हती, तोंड उघडेपर्यंत मान त्याच्या ताब्यात गेलेली असायची. एकदा चहाला आलेला डॉक्टरही त्याने कुणाचा तरी नातेवाईक समजून रगडला. डॉक्टर तिथेच घोरायला लागला आणि बाहेर पेशंटांची रांग खोळंबली.

"घरात माजं पाय कदी दाबलं न्हाईत ह्यांनी," त्याची बायको हसत सांगायची.

एका सकाळी डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. तो खोलीत आला, बाटली माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे पाठ करून बसला. मी शाळामास्तर, खडूपेक्षा जड काही कधी पेललेलं नाही. भीत भीत त्याच्या खांद्यांवर हात ठेवले.

तो म्हणाला, "जोर लावा की, पावणं. मोडत न्हाय मी."